डब्यातला चीन

डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘चीन. राजघराण्यातले दागिने. जेड.’ अक्षर आजींच्या सासऱ्यांचं. ते बोटीवर इंजिनिअर होते आणि महायुद्धाआधीच्या एका फेरीत शांघायला त्यांनी हे सगळं एकदम विकत घेतलं, असं घरात सांगत आलेत. आता वाटण्या करायच्या होत्या. आजींच्या मुलाला माझ्या अहवालात ‘छिंग काळ’, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याचा काळ, असे शब्द हवे होते, कारण लिलावातली बोली त्यावर ठरणार होती.

जुने दागिने तपासताना मी दोन प्रश्न एकमेकांत मिसळू देत नाही. वस्तू कशाची आहे, हा एक. ती कुठे आणि केव्हा घडली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा यंत्रं देतात. दुसऱ्याचं उत्तर कोंदण, डाग, पिनेची बिजागरी आणि शिक्के यांच्याकडून थोडं थोडं काढून घ्यावं लागतं. डब्यातली चिठ्ठी हा त्यातला एक साक्षीदार. तिचाही जबाब तपासायचाच.

मुलाने आधी पुढे केलं ते पदक. चांदीचं तारकाम, वर सोन्याचं पाणी, कडेने निळा-हिरवा मीना, मधोमध कोरलेला हिरवा दगड. काम सुरेख होतं, तारेचा पीळ कुठेही तुटलेला नव्हता. दगड कोंदणात बसलेला असल्यामुळे पाण्यात तोलून त्याची घनता काढता येईना. पण त्याची पाठ उघडी होती. मग रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे दगडात प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या, काचेवर द्रवाचा बारीकसा थेंब ठेवला, त्यावर दगडाची पाठ टेकवली आणि डोळा थोडा मागे घेऊन पट्टीवरच्या ठिपक्याकडे बघत राहिले. ठिपका अर्धा काळा, अर्धा उजळ झाला की तिथला आकडा वाचायचा. जेड म्हणतात ते दोन दगडांना, जेडाइट आणि नेफ्राइट. जेडाइट असतं तर 1.66 च्या आसपास आला असता, नेफ्राइट असतं तर 1.61. इथे आला 1.56. भिंगाखाली कोरीवकामाच्या कडा झिजून बोथट झालेल्या दिसत होत्या आणि हिरवा रंग भेगांमध्ये साकळला होता. रंग दिलेला सर्पेंटाइन. जेडच्या नावाखाली हा मऊ दगड फार पूर्वीपासून खपत आला आहे.

पदकाच्या मागे इंग्रजीत दोन शिक्के होते, ‘सिल्व्हर’ आणि ‘चायना’. मुलाचा चेहरा खुलला. “बघा मॅडम, चायना!” चीनचं आहे यात मलाही शंका नव्हती. पण अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं आणि ते 1891 पासून लागू झालं. असा इंग्रजी शिक्का निर्यातीच्या मालावर पडतो, राजवाड्यासाठी घडवलेल्या दागिन्यावर तो कशाला कोण मारेल? छिंग राजवट 1912 मध्ये संपली, म्हणजे नुसत्या शिक्क्यावरून तो काळ अगदीच अशक्य ठरत नाही. घडण मात्र 1920-30 च्या दशकांतल्या निर्यातमालाची वाटत होती. मी तेवढंच लिहिलं, ‘वाटते’ या शब्दासकट.

लाल कोरीव मण्यांची माळ लाखेची नव्हतीच. प्रत्येक मण्यावर साच्याची शिवण दिसत होती. तिच्यातल्या एका मण्याला घरात कुणीतरी तापलेली सुई टोचून बघितली होती. हे कृपा करून कुणी करू नका. अस्सल वस्तूला कायमचा डाग पडतो, आणि मणी सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचा निघाला तर भडकन पेट घेतो.

मग निघालं काळं-पांढरं साखळीचं कडं, आणि माझा हात थांबला. घरात त्याला ‘तो लोखंडी पट्टा’ म्हणत. चांदीच्या चौकोनी पट्ट्या एकीत एक अडकवलेल्या, प्रत्येकीवर काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारी एकेक आकृती. हे निएलो. चांदीची जमीन खोदून खाली घ्यायची, खळग्यात चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचं काळं मिश्रण भरून तापवायचं, मग कानशीने घासून सपाट करायचं. आकृती उरते ती मूळ चांदीची. चेहऱ्याच्या, वस्त्राच्या रेषा शेवटी हाताने कोरतात. काळा मीना असता तर काचेसारखा चकाकला असता. इथे काळ्यात धातूची मंद झाक होती.

मी कडं आजींच्या हातात दिलं आणि भिंग धरलं. “आजी, हा हत्ती बघा. तीन तोंडांचा.” त्या क्षणभर बघत राहिल्या. “ऐरावत?” ऐरावतच. थायलंडमध्ये तो तीन मुखांचा काढतात. शेजारच्या पट्टीवर हातात मणी धरलेली थाई पुराणातली देवी मेखला, पुढच्या पट्टीवर परशू उगारून तिचा पाठलाग करणारा रामसूर. मेखलेचा मणी लखलखला की वीज, रामसूराने परशू फेकला की गडगडाट. पुढे मुकुटातला हनुमान आणि मत्स्यकन्या सुवर्णमच्छा. थाई रामायणात ती रावणाची मुलगी, सेतूचे दगड पळवणारी, आणि हनुमानाच्या प्रेमात पडणारी. आजींनी एकेका पट्टीवर बोट ठेवून सगळी गोष्ट दोनदा ऐकली. घरी पॉलिश लावून चकचकीत करू नका, एवढं मी त्यांना बजावलं. त्या कोरीव रेषा केसाएवढ्या असतात, घासून घासून चेहरे पुसले जातात.

मागे ‘स्टर्लिंग’ आणि ‘सयाम’ हे शिक्के. देशाचं नाव 1939 मध्ये थायलंड झालं, मग थोडी वर्षं पुन्हा सयाम, आणि 1949 पासून परत थायलंड. पण परदेशी गिऱ्हाइकांसाठी कारागीर त्यानंतरही ‘सयाम’ मारत राहिले. त्यामुळे या शिक्क्यावरून देश कळतो, साल नाही.

साल सांगितलं एका टिचभर ब्रोचने. पोलादावर सोन्या-चांदीचा पत्रा ठोकून बसवलेला फुजी पर्वत. लोहचुंबक जवळ नेताच चिकटला. पिनेखाली बारीक अक्षरांत ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’. जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होतं ते 1945 ते 1952. याआधी किंवा यानंतर हा शिक्का मारायचं कारणच नव्हतं. म्हणजे एकच फेरी, तीही महायुद्धाआधीची, ही गोष्ट टिकत नव्हती. मुलगा नाराज झाला. आजी मात्र म्हणाल्या, “मामंजी युद्धानंतरही बोटीवर जात होतेच. सासूबाई कुरकुरायच्या त्याबद्दल.”

राहिलं हिरवट-पांढरं दगडी कडं. त्याला धातू नाही, म्हणून पाण्यात तोलता आलं. हवेत 54.20 ग्रॅम, पाण्यात 37.93. घनता 3.33, म्हणजे जेडाइट. पण आम्लाने धुऊन आत पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, भरलेलं जेडाइट 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आहे आणि ते नुसत्या भिंगाने खात्रीने ओळखता येत नाही. “हे तर आजोबांच्या वेळचं आहे,” मुलगा म्हणाला. पण घरची कहाणी नुकतीच एका ब्रोचने बदलली होती. तिच्या भरवशावर मी सही करणार नव्हते. कडं इन्फ्रारेड तपासणीला पाठवलं. पॉलिमर नव्हतं.

अहवाल घ्यायला आले तेव्हा मुलाने विचारलं, “मग दगड ब्रह्मदेशातला, असं तरी लिहा.” चीनच्या बाजारात जेडाइट मुख्यतः तिथूनच येत आलंय हे खरं. पण ते ग्वाटेमालात मिळतं, जपानमध्ये मिळतं, रशियातही. माझ्या हातातल्या चाचण्यांनी हा फरक सिद्ध होत नव्हता. ‘दगडाचा मूळ देश’ हा रकाना मी कोराच ठेवला. त्याने थोडी हुज्जत घातली, मग कडं आणि पदक लिलावाला देतो म्हणाला. सयामचं कडं यादीतून आजींनी काढून घेतलं होतं.