इंटरसेप्शनचं खापर

अमेरिकन फुटबॉलमध्ये म्हातारपण पस्तिशीनंतर कधीही येतं, आणि ते बहुधा रविवारी दुपारी येतं. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकने एका सामन्यात तीन चेंडू विरोधकांच्या हातात दिले की सोमवारी ऑफिसात कॉफी ओतता ओतता जो तो निकाल देऊन मोकळा होतो. संपला हा, आता घरी बसवा. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये वीस-पंचवीस वर्षं काढलेला आपला मराठी माणूसही या पंचायतीत हिरिरीने बसतो. पुरावा म्हणून सगळे एकाच रकान्यावर बोट ठेवतात, इंटरसेप्शनच्या. तीन म्हणजे तीन, त्यात वाद कसला?

वाद त्या रकान्यातच आहे. क्वार्टरबॅकने पुढे फेकलेला चेंडू जमिनीला टेकायच्या आत विरोधी खेळाडूने झेलला की झालं इंटरसेप्शन, आणि ते कायम फेकणाऱ्याच्या नावावर. चेंडू आपल्याच रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, दोन्ही हातांत पडून वर उसळला, ऐन फेकताना कुणी कोपरावर येऊन आदळलं, समोरच्या धिप्पाड लाइनमनने हात उंचावून तो हवेत उडवला किंवा आत वळायचा रिसीव्हर बाहेर वळला, तरी नोंदीत फरक नाही. क्रिकेटमध्ये निदान बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या खात्यातून वगळतात. इथे तेवढीही सवलत नाही.

वर पुन्हा १९७३ पासून चालत आलेलं पासर रेटिंग आहे. त्यात चार घटक असतात: पूर्ण झालेल्या पासांचं प्रमाण, दर पासमागे यार्ड, टचडाउन (चेंडू विरोधकांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणं) आणि इंटरसेप्शन. चौथ्या घटकात इंटरसेप्शनच्या प्रमाणाला २५ने गुणून ते २.३७५मधून वजा करतात. हिशेब मांडला तर ३० पासांच्या सामन्यात एका इंटरसेप्शनने रेटिंग जवळपास १४ अंकांनी घसरतं. रिसीव्हरच्या तळहाताला लागून उडालेल्या चेंडूचे १४ अंकही क्वार्टरबॅकच्याच माथी. प्रो फुटबॉल फोकससारख्या संस्था आता फिल्म बघून 'हा चेंडू जायच्याच लायकीचा होता का' याची वेगळी मोजणी ठेवतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण टीव्हीच्या पडद्यावर खाली सरकत जातो तो जुनाच आकडा.

म्हणून खापर फोडण्याआधी फिल्म बघावी, आणि तीही टीव्हीवर दिसते ती नव्हे. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. खोलवर उभा असलेला सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, चौकटीबाहेर राहतो आणि शेवटी नेमका तोच चेंडू घेऊन पळताना दिसतो. मग वाटतं, एवढा थोरला माणूस याला दिसला कसा नाही? प्रशिक्षक बघतात ती फिल्म बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत ठेवते. ती मागेपुढे करत बघताना आधी पाय बघायचे, मग रिसीव्हर, मग बचावपटू. चेंडू सगळ्यात शेवटी.

पाय आधी, कारण पासचं घड्याळ पायांत असतं. चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या मागून थेट चेंडू घेतला असेल तर झटपट स्लँटसाठी (आखूड तिरक्या पाससाठी) तीन पावलं मागे, बारा-पंधरा यार्डांवर वळणाऱ्या रूटसाठी (रिसीव्हरच्या ठरलेल्या वाटेसाठी) पाच, त्याहून खोल फेकायचं तर सात. शेवटचं पाऊल रोवलं की चेंडू सुटायला हवा. तो सुटला नाही आणि पाय जागच्या जागी उड्या मारायला लागले, तर पहिला रिसीव्हर झाकलेला होता किंवा मनात शंका आली, एवढं नक्की. आता मधल्या फळीकडे बघा. क्वार्टरबॅकला राखणाऱ्या गार्डला मागे रेटत कुणी क्वार्टरबॅकच्या छातीपाशी आणून ठेवला असेल, तर त्याला पुढचं पाऊल टाकायला जागाच उरत नाही. नुसत्या हाताच्या जोरावर फेकलेला चेंडू वर चढतो, मैदानाच्या मध्यावर रिसीव्हरच्या बोटांना चाटून उडतो, आणि मागे सेफ्टी आयता उभाच असतो. हे इंटरसेप्शन गार्डचं. पण आसपास चिटपाखरू नसताना गडी मागच्या पायावर रेलून फेकत असेल, तर ते त्याचं स्वतःचं. पंधरा-पंधरा वर्षं मार खाल्लेल्या शरीराला न आलेला धक्काही आधीच जाणवू लागतो. हे समजून घेता येतं, माफ मात्र करता येत नाही. संघ त्याला पैसे देतो ते तिथेच उभं राहण्याचे.

वयाचा खरा दाखला हवा असेल तर लांबच्या हॅशवरून (खेळ सुरू करताना चेंडू ठेवायच्या मैदानातल्या खुणेवरून) कडेला फेकलेला आउट रूट बघावा. दिसायला साधा पास. रिसीव्हर बारा यार्ड सरळ धावतो आणि काटकोनात कडेच्या रेषेकडे वळतो. मैदानाची रुंदी ५३ यार्ड १ फूट. मधल्या दोन हॅशरेषांमध्ये साडेअठरा फूट अंतर. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजवी कड तिथून जवळपास ३० यार्ड पडते. त्यात क्वार्टरबॅक सात यार्ड मागे गेलेला. म्हणजे बारा यार्डांच्या कमाईसाठी चेंडूला तिरका ३४-३५ यार्डांचा प्रवास. ताशी ५० मैलांनी फेकला तर, हवेचा विरोध सोडून दिला तरी, १.४ सेकंद लागतात. ताशी ४५ मैलांनी फेकला तर साधारण १.५५. फरक दीड दशांश सेकंदाचा. तेवढ्यात पळत येणारा कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, सव्वा यार्ड पुढे सरकतो, आणि सव्वा यार्ड म्हणजे एक लांबवलेला हात. जो चेंडू दहा वर्षांपूर्वी त्याच्या बोटांपुढून निसटून जायचा तो आता हातात बसतो. कडेला त्याच्यापुढे अडवणारं कुणी नसतं, त्यामुळे तसाच धावत जाऊन तो टचडाउनही करून येतो.

गंमत अशी की या पासमध्ये म्हाताऱ्याने सगळं बरोबर केलेलं असतं. बचावाची मांडणी बरोबर वाचली, रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू सोडला, जागाही अचूक निवडली. डोळे आणि डोकं पंचविशीतल्या पोरापेक्षा सरस, फक्त खांदा आणि पाय मागे पडले. मग दोष कुणाला द्यायचा? वेग कमी झाला हा गुन्हा नाही. वेग कमी झालाय हे ठाऊक असून तोच पास मागणं हा आहे, आणि त्यात खेळ लिहून देणारा प्रशिक्षक बरोबरीचा भागीदार.

२०१५चा डेन्व्हरचा पेटन मॅनिंग घ्या. २०१३ साली याच माणसाने ५५ टचडाउन पास टाकले होते आणि इंटरसेप्शन होती फक्त १०. दोन वर्षांनी, वयाच्या ३९व्या वर्षी, १० सामन्यांत ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन. १५ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने कारकिर्दीतल्या एकूण यार्डांचा विक्रम मोडला आणि त्याच दुपारी २० पैकी ५ पास, ३५ यार्ड, ४ इंटरसेप्शन, रेटिंग शून्य, असा हिशेब करून तो बाकावर जाऊन बसला. डाव्या पायाच्या तळव्याची शीर अर्धवट फाटलेली होती. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय म्हणजे पुढचा, सगळा भार झेलून थांबवणारा. तो रोवता आला नाही की कंबर फिरत नाही आणि चेंडू तरंगतो. त्याआधी मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११चा अख्खा मोसम गेलेला. शिवाय नवे प्रशिक्षक गॅरी कुबियॅक यांची पद्धत सेंटरला चिकटून चेंडू घेण्याची, वळून पळत फेकण्याची. मॅनिंगचं आयुष्य गेलेलं शॉटगनमध्ये मागे उभं राहून बचाव वाचण्यात. पाय दुखणाऱ्या माणसाला पायांचा खेळ. १७ पैकी काही इंटरसेप्शन निःसंशय त्याच्या हट्टाची होती, पण त्या चार इंटरसेप्शनच्या दुपारी तसा पाय घेऊन त्याला मैदानात उतरवलं हा निर्णय एकट्याचा नव्हता. सहा सामने बाहेर बसून तो परतला तेव्हा काम बदललं होतं. बाद फेरीच्या तीन सामन्यांत दोन टचडाउन, एक इंटरसेप्शन. ७ फेब्रुवारी २०१६ला डेन्व्हरने सुपर बोल हा अंतिम सामना २४-१० असा जिंकला, त्यात त्याचे यार्ड अवघे १४१. बाकीचं बचाव फळीने बघितलं. खांदा तोच होता, फक्त त्याच्याकडून मागणं कमी झालं होतं.

दुसरा मोठा घोळ रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक यांच्यातल्या न बोललेल्या कराराचा. काही संघांच्या पद्धतीत रिसीव्हरने धावता धावता बचाव वाचायचा असतो. समोरचा अंगाला चिकटून येत असेल तर पुढे पळत राहायचं, जागा राखून उभा असेल तर मोकळ्या जागेत थांबायचं. क्वार्टरबॅकने तेच वाचून चेंडू आधीच सोडायचा. दोघांनी एकच गोष्ट वाचली तर बचावाकडे उत्तर नाही. एकाने वेगळं वाचलं तर चेंडू अशा जागी पडतो जिथे आपला माणूसच नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं याने फेकला तरी कुणाला? न्यू यॉर्क जायंट्सच्या ईलाय मॅनिंगची २०१३ साली २७ इंटरसेप्शन झाली, लीगमध्ये सर्वाधिक. त्यात त्याची स्वतःची बेफिकिरी होतीच. पण पुढच्या वर्षी जुने आक्रमण-प्रशिक्षक केव्हिन गिलब्राइड निवृत्त झाले, बेन मॅकाडू आले, पास आखूड आणि झटपट झाले, आणि आकडा १४वर आला. एका हिवाळ्यात कुणाचा हात निम्म्याने सुधारत नाही.

असा घोळ झाल्यावर जाणता क्वार्टरबॅक पत्रकारांपुढे 'माझीच चूक' म्हणून विषय संपवतो. ऑक्टोबर २०२४मध्ये बफेलोविरुद्ध शेवटी शेवटी न्यू यॉर्क जेट्सच्या ॲरन रॉजर्सचा पास गेला, तेव्हा रिसीव्हर माइक विल्यम्सने लाल रेषेवरून सरळ जायला हवं होतं, हे त्याने जाहीरपणे सांगून टाकलं. लाल रेष म्हणजे कडेपासून काही यार्ड आत आखलेली सरावाची खूण. बाहेरच्या रिसीव्हरने तिच्यावरून धावलं की चेंडूला कडेला पडायला जागा राहते. तांत्रिकदृष्ट्या रॉजर्सचं खरंही असेल. पण चाळिशीतल्या माणसाने नव्याने संघात आलेल्या सोबत्याचं नाव माइकवर घ्यावं, हे मला त्या पासपेक्षा वाईट वाटलं.

फिलिप रिव्हर्सकडे तिसरी सबब होती, आणि ती चांगली होती. २०१९मध्ये चार्जर्सकडून २० इंटरसेप्शन, संघाचे ५ विजय, ११ पराभव. त्याला राखणाऱ्या फळीतला डावा टॅकल रसेल ओकंग फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळीमुळे सुरुवातीला बाहेर, सेंटर माइक पाउन्सी मानेच्या दुखण्याने मोसमाच्या मध्याआधीच गेलेला. आणि संघ सतत थोडक्यासाठी मागे. नोव्हेंबरात मेक्सिको सिटीत कॅन्सस सिटीविरुद्ध त्याची चार इंटरसेप्शन झाली. त्यातलं शेवटचं एंड झोनमध्ये (टचडाउन होतो त्या टोकाच्या पट्ट्यात), सात गुणांनी मागे असताना, घड्याळात काही सेकंद उरलेले. त्या क्षणी चेंडू बाहेर भिरकावून देण्याचा शहाणपणा काय कामाचा? हरलेला सामना शिस्तीत हरण्याला गुण मिळत नाहीत. तसंच तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात, पंधरा यार्ड हवे असताना पंचेचाळीस यार्डांवर झेलला गेलेला पास हा खरं म्हणजे पंटच, चेंडू लांबवर विरोधकांना देऊन टाकणं. लाथेने उडवला काय किंवा हाताने फेकला काय. पुढच्या वर्षी रिव्हर्स इंडियानापोलिसला गेला. पुढे क्वेंटन नेल्सनसारखा गार्ड, डोक्यावर फ्रँक राइक, म्हणजे त्याला चार्जर्समध्ये असल्यापासून ओळखणारा प्रशिक्षक. ११ इंटरसेप्शन, ११ विजय. वयाने तो वर्षभर आणखी म्हाताराच झाला होता.

एवढ्या सगळ्या सबबी देऊन झाल्यावर ज्येष्ठाच्या पदरात काय उरतं? डोळे. मधल्या फळीतला बचावपटू, लाइनबॅकर, पुढे धावून येतोय असं भासवत मागे सरकला, दोन सेफ्टी दाखवून ऐन स्नॅपला, म्हणजे चेंडू खेळात येताना, एकच मागे राहिला, या युक्त्यांना नवखा फसला तर ठीक. पंधरा वर्षं त्या बघितलेल्याने फसू नये. आणि दिसत असूनही फेकलेला चेंडू तर शंभर टक्के त्याचाच.

२४ जानेवारी २०१०, न्यू ऑर्लीन्सचा सुपरडोम, बाद फेरीचा सामना. मिनेसोटाचा ब्रेट फार्व चाळीस वर्षांचा, पण मोसमात ३३ टचडाउन आणि अवघी ७ इंटरसेप्शन. गुणफलक २८-२८, वीस सेकंदांहून कमी वेळ, चेंडू विरोधकांच्या ३३ यार्ड रेषेवर. टाइमआउट घेऊन परतलेल्या संघाने घोळक्यात अकराऐवजी बारा माणसं उभी केली. पाच यार्डांची शिक्षा, चेंडू ३८वर. हे पाच यार्ड प्रशिक्षकांचे. मग फार्व उजवीकडे पळाला. घोटा दुखावलेला होता, तरी पुढे थोडी मोकळी जागा होती. दोन-चार यार्ड लंगडत काढून पडला असता तरी फील्ड गोलची, म्हणजे खांबांमधून चेंडू मारायची, किक तेवढी जवळ आली असती. त्याने उजवीकडे पळता पळता अंगाच्या उलट, मैदानाच्या मध्यावर, सिडनी राइसकडे फेकला. कॉर्नरबॅक ट्रेसी पोर्टरने तो वाटेत घेतला. जादा वेळेत नाणेफेक न्यू ऑर्लीन्सने जिंकली, पहिल्याच फेरीत फील्ड गोल मारला, आणि ३१-२८. तेव्हा जादा वेळेत आधी गुण करणारा संघ तिथल्या तिथे जिंकायचा. मिनेसोटाच्या आक्रमणाला चेंडू दिसलाही नाही.

त्या नियमावर मालकमंडळींनी दोनच महिन्यांत बैठक घेऊन बाद फेरीपुरता बदल केला. संघाने त्या दिवशी गमावलेल्या बाकीच्या चेंडूंचे धनीही वेगवेगळे होते. पण पोर्टरच्या हातात गेलेल्या त्या चेंडूवर कितीही वेळा फिल्म मागे नेली, तरी दुसरं नाव सापडत नाही. कारकिर्दीत फार्वची ३३६ इंटरसेप्शन नोंदली गेली, आजवर सर्वाधिक. त्या आकड्यातून रिसीव्हरांचे, गार्डांचे आणि प्रशिक्षकांचे खुशाल वजा करावेत. बाद फेरीतलं हे एक मात्र त्या आकड्यात धरलेलंच नाही, आणि मी ते मनातल्या मनात त्यात मिळवतो.