खुपणे आणि ठणकणे

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम झाली असे डॉक्टर म्हणतात, मग डोळ्यात सारखे खुपते का, हा प्रश्न ऑपरेशन होऊन आठवडा-पंधरवडा झालेली ओळखीची माणसे मला नेहमी विचारतात.

माझ्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा घरातल्या भिंती आधीपेक्षा पांढऱ्याशुभ्र, किंचित निळसरच दिसल्या. पण त्याच संध्याकाळी वाळूचा कण गेल्यासारखे खुपू लागले आणि डोळ्यात बसवलेले नवे भिंग सरकले की काय, या भीतीने मी रात्रभर जागी राहिले. तपासणीच्या वेळी कारण कळले. फेको पद्धतीत, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढतात त्या पद्धतीत, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या कडेला जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा छेद घेतात. त्याला सहसा टाका लागत नाही, मात्र तेथील बारीक मज्जातंतू कापले जातात आणि ते पुन्हा जुळेपर्यंत अश्रूंचे काम नीट चालत नाही. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो आणि त्या चुरचुरीनेच मधूनमधून पाणीही वाहते. हे काही आठवडे, कित्येकांना दोन-तीन महिने चालते.

मला सर्वांत जास्त आराम दिला तो अश्रूंसारख्या थेंबांनी. ते डॉक्टरांना विचारूनच सुरू केले. दोन औषधांच्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो; आणि थेंब एकच पुरतो, कारण डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही. स्टेरॉइडचे थेंब बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत, ते ठरवून दिल्याप्रमाणे हळूहळू कमी करायचे असतात. मोबाइलकडे किंवा पोथीकडे एकटक पाहताना पापण्या मिटायच्या राहतात, म्हणून मी दर पानाला थांबून डोळे मिटत असे. खाज कितीही सुटली तरी डोळा चोळायचा नाही. झोपेत हात जाऊ नये यासाठीच रात्री डोळ्यावर प्लास्टिकचे झाकण लावायचे असते. उदबत्तीचा आणि फोडणीचा धूर मला फार झोंबायचा, तेव्हा काही दिवस स्वयंपाक सुनेने केला.

खुपणे आणि चुरचुरणे दिवसागणिक कमी होत जाते. ठणकणे मात्र वेगळे. डोळा ठणकू लागला, लाली वाढली, दिसणे अंधूक झाले किंवा डोळ्यापुढे काळे ठिपके आणि प्रकाशाच्या चमका दिसू लागल्या, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो किंवा डोळ्याच्या आतला, मागचा पडदा (रेटिना) सुटत असू शकतो. अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी घरच्यांना उठवावे आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन करावा.