आधी खोका, मग माणूस: पॅरिस विमानतळ ते राँबुये, सायकलच्या खोक्यासकट

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस म्हणजे आपली पीबीपी, पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची सायकल राइड, 1200 किलोमीटर, 90 तासांची मुदत. 2023 ला ती मी पूर्ण केली आणि त्याचा मला फार अभिमान आहे. पण त्या ऑगस्टचं कोणी काही विचारलं की मला आधी आठवतं ते तिकिटाचं गेट, अजून राग जात नाही. पीबीपी दर चार वर्षांनी असते, आता 2027 ला, आणि नाशिक-पुण्याची बरीच मंडळी तयारीला लागलीयेत म्हणून सगळं लिहून ठेवते.

स्टार्ट आता खुद्द पॅरिसमधून नसतो, राँबुये नावाच्या गावातून असतो, पॅरिसच्या नैऋत्येला. विमानतळ पॅरिसच्या वर ईशान्येला. म्हणजे विमानातून आणलेला सायकलचा खोका घेऊन अख्खं शहर पार करायचं. आरईआर बी ही लोकलसारखी ट्रेन विमानतळावरून शहरात येते, मग मेट्रोने माँपारनास स्टेशन, तिथून एन लाइनची ट्रेन थेट राँबुये, असा आमचा प्लॅन होता. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या ग्रुपमधले काका, वय 58, त्यांची ही दुसरी पीबीपी.

विमान, इमिग्रेशन, खोके मिळणं, सगळं नीट झालं. सकाळी साडेसहा ते साडेनऊ गर्दीच्या वेळात सायकल आरईआरमध्ये चालत नाही. खोक्यात खोललेली सायकल असेल तर ती सामानात धरतात, तरी आम्ही साडेनऊपर्यंत थांबून कॉफी प्यायलो आणि ते बरंच झालं, डबा रिकामा मिळाला, दारापाशी घडीच्या सीट असतात तिथे खोके उभे लावून आम्ही धरून बसलो.

मग आलं ते स्टेशन जिथे आरईआर सोडून मेट्रोकडे जायचं. मध्ये परत गेटं. माझा खोका 140 बाय 80 बाय 22 सेंटिमीटर, वजन 19 किलो, सायकलच्या दुकानातून मागून आणलेला साधा पुठ्ठ्याचा. बाजूला एक रुंद गेट होतं, बाबागाडी आणि व्हीलचेअरवाल्यांसाठी. मी पास टेकवला, हिरवा दिवा लागला, झडपा उघडल्या आणि मी आपली सवयीने आधी स्वतः आत गेले, खोका मागून ओढत. निम्मा खोका आत आला आणि झडपा बंद झाल्या. पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी रबरी कडा दाबून बसल्या, खोका पुढेही येईना मागेही जाईना. मी परत पास टेकवला तर लाल दिवा. एकदा वापरलेला पास लगेच परत चालत नाही, काही मिनिटं जावी लागतात, म्हणजे एका पासवर दोघं जाऊ नयेत म्हणून केलेली सोय, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी चार-पाच वेळा टेकवत राहिले आणि दर वेळी लाल.

मी आत, खोका मध्ये, काका बाहेर. काकांनी मागून हळूहळू ओढून खोका सोडवला तर एक कोपरा फाटून आतला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दांडा, दिसायला लागला. डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा नाजूक भाग, कुठल्या बाजूला होता तेच मला आठवेना, माझ्या पोटात गोळा आला. एवढ्या 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या राइड करून क्वालिफाय व्हायचं आणि गेटात सायकल मोडायची, असं होऊन बसलं तर काय करायचं.

शेजारी मदतीचं बटण होतं. दाबलं, फ्रेंचमध्ये कोणीतरी बोललं, मी इंग्लिशमध्ये सांगितलं, ते काहीतरी बोलले आणि आवाज बंद. असं तीनदा झालं. लिफ्टवर बंद असल्याचा कागद. खिडकीत माणूस नाही. पाऊण तास आम्ही गेटाच्या दोन बाजूंना उभे, आमच्यामधून लोक येतायत जातायत, काका तिकडून मला सांगतायत, "पोरी, घाबरू नकोस, स्टार्ट रविवारी आहे, आज बुधवार." त्यांच्या त्या एका वाक्याने मी रडायची थांबले, खरंच सांगते.

शेवटी गणवेशातला एक माणूस आला, किल्लीने गेट उघडलं, खोक्याकडे बघितलं आणि म्हणाला, मेट्रो नो. काकांना दोन शब्द येत होते, "व्हेलो देमाँते", म्हणजे खोललेली सायकल. ते पाठ करून जा, ट्रेनच्या लोकांना ते बरोबर समजतं, पण मेट्रोत एवढं सामान नाहीच म्हणाला तो. मेट्रोत सायकल चालत नाही हे मी वाचलं होतं, खोक्याला पण नाही म्हणतील असं डोक्यात आलं नव्हतं. त्यात त्याची चूक नाही. चीड आहे ती पाऊण तास कोणी न आल्याची.

मग रस्त्यावर आलो. माँपारनास चालत जायचं ठरवलं, दोन किलोमीटरच्या आत होतं. काकांनी दोन्ही खोके एकावर एक ठेवून पट्ट्याने बांधले आणि पालखीसारखे पुढून-मागून धरून निघालो, दर दोनशे पावलांवर टेकवायचं. हा पट्टा घ्याच, रुंद, सामान बांधायचा असतो तो. खोक्याला हात घालायला कापलेली भोकं वजनाने फाटतात, तिथे आतून टेप आधीच लावा.

माँपारनासला मात्र जीव भांड्यात पडला. एन लाइनच्या डबलडेकर गाडीत दाराजवळ मोकळी जागा होती. इथे गेटावर काका म्हणाले, आधी खोका. खोका झडपेला चिकटवून उभा करायचा, मग पास टेकवायचा, आणि उघडल्यावर खोका ढकलत त्याच्या मागोमाग आपण. एका दमात गेलं. हे एवढं सकाळी कोणी सांगितलं असतं तर!

पासाचं राहिलंच. आम्ही आठवड्याचा नाविगो, म्हणजे तिथल्या ट्रेन-मेट्रोचा पास, काढला होता, तेव्हा 30 युरो आणि कार्डाचे 5, सोमवार ते रविवार चालतो, विमानतळ आणि राँबुये दोन्ही त्यात येतं. फोटो अडीच बाय तीन सेंटिमीटरचा लागतो, आपला पासपोर्टचा फोटो मोठा होतो, घरूनच कापून न्या. 2025 पासून भाडी बदलली, त्या वर्षी विमानतळाचं तिकीट 13 युरो झालं पण पॅरिस ते राँबुये कुठूनही सरसकट अडीच युरो होतं, म्हणजे सुटी तिकिटं स्वस्त पडू शकतात, जायच्या आधी ताजे दर बघून घ्या.

आणि पीबीपीनंतर कोणी टीजीव्हीने, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान ट्रेनने, फिरायला जाणार असेल तर पुठ्ठ्याचा खोका विसरा. तिथे खोललेल्या सायकलच्या बॅगेला मर्यादा आहे, आमच्या वेळी 120 बाय 90 होती, 2024 पासून 130 बाय 90. आपला खोका त्यात बसत नाही, मऊ बॅगच लागते.

राँबुयेला हॉटेलवर पोचून मी आधी टेप कापला. डिरेलर दुसऱ्या बाजूला होता. फोर्कवर बोटभर लांब ओरखडा, रंग गेलेला, बाकी काही नाही. हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा, मात्र जास्तीचा एक न्याच, मला लागला नाही पण आमच्याच हॉटेलात उतरलेल्या एका मुलाचा वाकला होता आणि काकांकडचा त्याला बसला. परत जाताना चौघांनी मिळून मोठी व्हॅन केली, हॉटेलच्या दारातून थेट विमानतळ, एकही गेट नाही.