आबांच्या पाच खोटी

आमच्या नव्या खेळाच्या नियमांची फाईल सोमवारी सकाळी पानांच्या मांडणीला जायची होती. रविवारी दुपारी आबांनी तिच्यातलं सातवं प्रकरण निकालात काढलं.

आबा म्हणजे माझ्या मित्राचे वडील. सांगलीच्या हळद पेठेत एका अडत दुकानात चाळीस वर्षं दिवाणजी होते. गावभागातल्या त्यांच्या घराच्या माडीवर आम्ही खेळाची शेवटची चाचणी ठेवली होती. इंजिनिअरिंगची दोन पोरं, शाळेत मराठी शिकवणाऱ्या एक मॅडम आणि खेळ चालवायला मी. चौथ्या गड्यानं आयत्या वेळी टांग मारली, म्हणून आबांना बसवलं.

माझं काम लोकांना सांगणं अवघडच. घरी अजून 'मोबाईलवरचा गेम का?' असं विचारतात. मोबाईल नाही, टेबलाभोवती बसायचं, कागद-पेन्सिल नि फासे घ्यायचे. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला, तिथून ही जात सुरू झाली. आमच्या मराठी खेळात गड आहेत, घाट आहेत, वेताळ आहे. माझ्याकडे पात्र घडवायचे नियम होते. चार महिने त्यातच गेले.

त्या पहिल्या खेळात पात्राच्या बळ, बुद्धी अशा सहा क्षमता होत्या आणि प्रत्येकीसाठी तीन फासे टाकायचे. अठरा पडायची शक्यता २१६ मध्ये एक. एकाच्या वाट्याला भीम, शेजारच्याच्या वाट्याला काडीपैलवान. पुढं गुण मोजून क्षमता विकत घ्यायची पद्धत रुळली. आम्ही त्याच खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीतला हिशेब उचलला : प्रत्येकाला २७ गुण, क्षमता आठपासून सुरू, तेरापर्यंत पायरीला एक गुण, चौदा नि पंधराला दोन-दोन. म्हणजे एक क्षमता पंधरावर न्यायला नऊ गुण.

सहांची नावं मराठीत आणताना एकीनं फार छळलं. बुद्धी वेगळी आणि शहाणपण वेगळं, हे इंग्रजीत चालून जातं. आमच्याकडं एखाद्याला 'तू लई शहाणा हायेस' म्हटलं की भांडण. शेवटी 'पोच' हा शब्द घेतला. ज्याला पोच नाही तो कितीही हुशार असो, पाटलाच्या वाड्यात काय बोलू नये ते बोलणारच. हा शब्द सापडला त्या दिवशी मी स्वतःलाच चहा पाजला होता.

प्रकरण सात उणिवांचं. पात्रात एखादी उणीव घ्या, बदल्यात जादा गुण घ्या. ही कल्पनाही जुनी. 'गर्प्स' या १९८६ च्या खेळात ती आहेच. माझ्या यादीत तीसेक उणिवा होत्या, प्रत्येकीपुढं तिचा भाव.

आबांनी यादी चष्मा वर करून दोनदा वाचली. मग म्हणाले, "गोष्ट कुठं घडतीया?"

"डोंगरी किल्ल्यावर. दुष्काळ पडलाय."

"बरं." आणि त्यांनी पेन्सिलीनं पाच खुणा केल्या. पोहता येत नाही, २. गलबतात मळमळतं, २. हत्तीची भीती, २. अक्षरओळख नाही, २. कर्जबाजारी, ३.

अकरा गुण जादा. २७ नि ११, अडतीस. बळ, चपळाई, काटकपणा, पोच, चारही पंधरावर. उरलेले दोन बुद्धीत टाकून ती दहा केली. 'छाप' तेवढी आठवर ठेवली. किल्ल्यावर नदी नाही, समुद्र नाही, हत्ती नाही. वाचायला मॅडम होत्याच. सावकार तिकडं दूर बंदरावर.

पोरं खो-खो हसली. मला हसू येईना.

खरी लाज पुढं वाटली. मॅडमनी मन लावून पात्र केलं होतं : लहानपणी विहिरीत पडलेली, अंधाराला घाबरणारी सुईण. 'अंधाराची भीती', ३ गुण. आणि माझ्या गोष्टीचा कळस पेवात होता. 'डंजन' या शब्दाला तळघर, भुयार असं काहीही जुळेना, तेव्हा मी हरिपूरची पेवं उचलली होती. कृष्णा-वारणेच्या संगमापाशी जमिनीखाली खणलेली, हळद साठवायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं ती. तर मॅडम पेवात उतरल्या आणि माझ्याच नियमानं प्रत्येक वेळी वीस बाजूंचे दोन फासे टाकून लहान आकडा धरू लागल्या. अकरा किंवा जास्त पडायची शक्यता पन्नास टक्क्यांवरून थेट पंचवीसवर. मोबदला काय, तर तीन गुणांत एक क्षमता आठवरून अकरावर. त्यानं फाशाच्या आकड्यात भर पडते एकाची, म्हणजे वीसात एक, पाच टक्के. ज्यांनी गोष्टीचा विचार केला त्या बुडाल्या, ज्यांनी यादीचा केला ते तरले.

त्यातच पोरांनी पेवाचं झाकण काढून सरळ उडी मारायचं ठरवलं.

"थांबा की!" आबा खरोखरचे ओरडले. "पेव उघाडलं की लगीच उतरत न्हाईत. आत हवा मेलेली असती. आधी कंदील सोडा. इजला, तर माणूसबी इजतो."

हे माझ्या फाईलीत नव्हतं. पोरांना काटकपणाचे फासे टाकायला लावले; एक जागीच आडवा.

जेवायच्या वेळी भडंगाची परात मध्ये ठेवून पंचनामा झाला. थोरल्या पोराचं म्हणणं, मर्यादा घाला, सहापेक्षा जास्त गुण नाहीत. मलाही आधी तेच सुचलं होतं. आबांनी मान हलवली. "मग समदी सहा गुणांची फुकटची खोट घेतील. खोट बोलून दाखवायचं पैसं कुठं मिळत्यात? ओल किती, कणी किती, ते माल फोडल्यावर कळतंय. पैशाचं तवा बोलायचं. जवा झळ बसंल तवा द्या की."

नवा शोध नव्हता हा. 'फेट' नावाच्या खेळात असंच आहे : पात्राची खोड आडवी आली की खेळाडूला एक गुण मिळतो. मी ते वाचलं होतं, वापरलं नव्हतं, कारण भावांचा तो तक्ता मला फार देखणा वाटायचा. तोच खोडला. 'उणीव' शब्दही खोडला, 'खोट' लिहिलं. खोट घ्यायला फुकट. ती खेळात नडली की गोष्ट चालवणाऱ्यानं एक चिंचोका द्यायचा, आणि तो मोडून कुठलाही एक फासा परत टाकायचा. एका प्रसंगात एकाला एकच, नाहीतर मॅडम पेवातून पोतंभर चिंचोके घेऊन वर आल्या असत्या.

चिंचोके आबांच्या माळ्यावरच्या डब्यात निघाले. तीनला पुन्हा पेवाच्या तोंडाशी सुरुवात केली. या वेळी कंदील आधी गेला, जळत राहिला. मॅडम उतरल्या, खाली पोचल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत म्हणाल्या, "माझा हात थरथरतोय. कंदील पडतो."

"अहो बाई, कशाला!" धाकटा कळवळला.

त्यांनी नुसता हात पुढं केला. मी चिंचोका ठेवला. पुढं पेवातल्या त्या वस्तूशी गाठ पडली तेव्हा मोडलाही; सहा पडले होते, परत टाकल्यावर सतरा.

रात्री आठला प्रकाशकांकडं फोन केला. प्रकरण बदललंय म्हटल्यावर पलीकडं बराच वेळ शांतता होती. तक्त्याचं पान लागून तयार होतं. त्या पैशांबद्दल अजून बोलणं चालू आहे.

पण त्याआधी, सहाच्या सुमाराला, एक राहून गेलेलं उरकून घेतलं. आबांनी पाचही खोटी तशाच ठेवल्या होत्या. मंडळी पेवातून वर आली, दमलेली, हळदीत माखलेली. मी म्हटलं, "गडाच्या दरवाजात एक माणूस उभाय. बंदरावरनं आलाय. हातात वही आहे, आणि तो आबांचं नाव घेऊन विचारतोय."

आबांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि तळहात पुढं केला.

"आण इकडं."