आमायुरच्या टेकडीवर

स्पेनमधील नवारा प्रांताच्या उत्तरेस, फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या बास्तान खोऱ्यात आमायुर हे बास्क लोकांचे छोटेसे गाव वसलेले आहे. दगडी कमानीतून आत शिरले की एकच मुख्य रस्ता लागतो. दोन्ही अंगांना पांढऱ्या भिंतींची, तांबूस वालुकाश्माच्या चौकटींची घरे, आणि कित्येक दारांवर या खोऱ्याचे राजचिन्ह असलेला बुद्धिबळाचा पट कोरलेला. घरे संपताच टेकडीची चढण सुरू होते. माथ्यावरच्या जुन्या गडाचे आता केवळ पाये उरले आहेत आणि तेही २००६ पासून आरान्साडी या संशोधन संस्थेने स्वयंसेवकांच्या मदतीने केलेल्या उत्खननामुळे दिसू लागले आहेत.

१५१२ साली कास्तिल या शेजारच्या बलाढ्य स्पॅनिश राज्याच्या फौजांनी नवाराचे स्वतंत्र राज्य जिंकले. ते परत मिळवण्यासाठी फ्रान्सच्या साहाय्याने १५२१ मध्ये झालेल्या मोहिमेचा नोआइनच्या लढाईत धुव्वा उडाला, तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरात हा गड नवारानिष्ठांच्या हाती आला. पुढच्या जुलैत कास्तिलच्या प्रचंड सैन्याने तोफांसह त्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार हाइमे वेलास दे मेद्रानो याच्यासोबत जेमतेम दोनशे माणसे होती. अखेर गड पडला. किल्लेदार आणि त्याचा मुलगा पाम्पलोनाच्या कैदेत थोड्याच दिवसांत मरण पावले. त्यांना विष दिले गेले असावे, हा संशय आजही बोलून दाखवला जातो.

या शिबंदीत मिगेल दे हावियेर होता, हे कळल्यावर मी त्या पायांपाशी बराच वेळ थांबलो. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत ज्यांचे अवशेष आहेत, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचा हा थोरला भाऊ. त्यांच्या आईचे मूळ गाव अस्पिल्कुएता येथून अगदी जवळ आहे. घराण्याच्या वाड्याचे बुरूज कास्तिलच्या हुकमाने १५१६ मध्येच पाडले गेले होते आणि आमायुर पडले तेव्हा फ्रान्सिस अवघे सोळा वर्षांचे होते. आपण त्यांना धर्मप्रसारक म्हणून ओळखतो. राज्य गमावलेल्या घरातला मुलगा म्हणूनही त्यांच्याकडे पाहायला हवे, असे मला मनापासून वाटते.

माथ्यावरचा दगडी स्तंभ लढ्याच्या चारशेव्या वर्षी, १९२२ मध्ये उभारला गेला. १९३१ मध्ये तो सुरुंगाने उडवण्यात आला, इतके हे स्मरण काहींना खुपत होते. आज दिसतो तो १९८२ मध्ये पुन्हा बांधलेला.