राणे यांचे चार दिवस
८ एप्रिल १९४८, भारत-पाकिस्तान युद्ध, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता. सकाळी अकराला उखळी तोफांचा मारा झाला. दोघे ठार, पाच जखमी. जखमींत सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे स्वतःही होते. तरीही त्यांनी तुकडी सावरून रणगाड्यांसाठी सुरुंग, अडथळे काढून वाट करायचं काम सुरू केलं.

९ तारखेला संध्याकाळी मात्र रणगाडे अडलेच: रस्त्यावर पाच थोराड पाइनची झाडं, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. अशा ठिकाणी आधी सुरुंग काढायचे, मगच झाडाला हात. उलट केलं तर माणसंच उडतात. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा भिडले, साडेसहाला वाट मोकळी! ११ला चिंगसपर्यंत रस्ता खुला झाला, १२ला राजौरी हाती आली.

१९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराच्या अभियंता दलात) दाखल झालेल्या या शूर माणसाला परमवीर चक्र मिळालं. १९६८मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले.