अण्णांची ट्रंक

अण्णा सोलापूरच्या कोर्टात एका वकिलांचे कारकून. संध्याकाळी पूर्व भागातल्या आमच्या ओट्यावर विडी कामगार बायका अर्ज लिहून घ्यायला यायच्या. फंडाचे पैसे अडकलेत, छाट म्हणजे नापास विड्या जास्त काढतात, नवऱ्याने टाकलंय. अण्णा पैसे घेत नसत. फक्त अर्जाची शिक्का मारलेली प्रत, म्हणजे पोच, परत आणून द्यायची. ती आमच्या ट्रंकेत राहायची.

अण्णा गेल्यावर ती ट्रंक मी उघडली. लाल फितीत बांधलेले गठ्ठे, गंजलेल्या टाचण्या, एका कोपऱ्यात वाळवी. मी हुशारी केली : फिती सोडल्या आणि सगळे कागद सालवार लावले. वर एक फाटका अर्ज लॅमिनेशन करून आणला. इतिहास शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना कौतुकाने दाखवायला गेले, तर त्यांनी कपाळाला हात लावला. अण्णांनी एकेका कारखान्याचा गठ्ठा केला होता. कोणत्या दारावर किती बायका किती वेळा गेल्या, ते त्या गाठीतच होतं. मी ते पुसलं. सुदैवाने पुठ्ठ्यांवर कारखान्यांची नावं होती, म्हणून निम्मं तरी जुळवता आलं. लॅमिनेशन मात्र निघत नाही.

या चिठोऱ्यांचं काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. बाईंनी समजावलं. सरकारी दप्तरात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, ड वर्षभरात निकाली. साधा तक्रार अर्ज काही कायमच्या वर्गात बसत नाही. म्हणजे कचेरीतला अर्ज कधीच रद्दीत गेला असणार. उरली असली तर अर्जदाराची पोच.

वाचताना भाषाही बदलत जाते. जुने अर्ज ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ने सुरू होतात आणि ‘कृपा व्हावी’वर संपतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानंतरच्या अर्जांवर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आहे आणि मजकूर थेट : कलम ६ अन्वये खालील माहिती द्यावी. अक्षर अण्णांचंच. कृपा तेवढी गेली.

मग स्कॅनिंग. दोन महिने रोज रात्री, मोबाइलवरच. फार सांगण्यासारखं नाही, पाठ दुखते.

एक दिवस शेजारच्या अक्का आल्या. त्यांनी सहज एक अर्ज उलटा केला आणि वाचू लागल्या. मागे पेन्सिलीने तेलुगूत हिशेब होता : सोमवारी किती विड्या वळल्या, किती घेतल्या, किती छाटल्या. पुढे अण्णांचं कोर्टातलं मराठी आणि डाव्या अंगठ्याचा ठसा; मागे त्या बाईच्या घरातल्या कुणीतरी मांडलेला खरा पुरावा. मी आजवर सगळ्या कागदांची फक्त पुढचीच बाजू घेतली होती.

मूळ कागद एक संस्था जपायला घेते आहे, दानपत्राचा मसुदाही आलाय. पोटगीचा, कलम १२५ चा गठ्ठा मात्र मी बाजूला ठेवलाय. त्यातल्या काही बायका अजून याच गल्लीत राहतात. आधी त्यांना विचारते. बाकीच्या कागदांच्या पाठी स्कॅन करायला घेतल्यात. अक्का दुपारी जेवण उरकून येतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, ‘‘हं, उलट.’’